त्या अमावस्येला चक्की उघडली नाही

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही. देवीच्या देवळात जाते तेव्हासुद्धा मी पटकन हात जोडते अन् पटकन मागं फिरते — तिनं काही विचारायच्या आत. हसाल तुम्ही. हसा. तुमच्याजवळ बोलतेय ते एवढ्याचसाठी की तुम्ही मला ओळखत नाही, आणि वालूरला येऊन, माझ्या दारात दळणाचा डबा ठेवून, ‘काय हो, खरं का ते?’ असं विचारणार नाही.

माझी पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, आता मी चालवते. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याचं शेड, त्यात चक्की, आणि चक्कीच्या मागच्या भिंतीला लागून माझा स्वयंपाक. पीठ केसात, पीठ उशीवर, पीठ लेकीच्या दप्तरावर. नवरा विनाअनुदानित शाळेवर मास्तर. अनुदान यंदा येणार, यंदा नक्की येणार, असं ऐकता ऐकता त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले. पोरांना जीव लावून शिकवतात, पण घर चालतं ते चक्कीवर. ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही.

लॉकडाऊन उठलं तरी गिरणीची रया काही परत आली नाही. लोकांना तयार पिठाच्या पिशव्यांची सवय लागली. ज्यांना जमलं त्यांनी घरघंटी घेतली. गल्लीत कुणाच्या दारात घरघंटीचं खोकं उतरताना दिसलं की मला घरात सवत आल्यासारखं व्हायचं. मग काय काय नाही केलं मी? शाळा सुटल्यावर मास्तरांना मोटरसायकलवर घरोघर पाठवलं, डबे आणायला अन् पोचवायला. ‘मास्तर डबे गोळा करायलेत’ असं कुणी हसून म्हणायचं, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पहाटे उठून मी दार झाडायचे तेव्हा मनात दोनच गोष्टी — आज बाया येतील का, आणि लाइट राहील का?

आता उज्ज्वलाबद्दल सांगायला पाहिजे. हे नाव घ्यायलाच मला एवढा वेळ लागला बघा.

उज्ज्वलाचा नवरा देवीच्या देवळात पूजा करतो. देवळं बंद होती तेव्हा त्यांच्या घरात चूल पेटायची पंचाईत झाली. दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. ही बया उठली, मागच्या पडवीत कढई चढवली आणि उपवासाची भाजणी करायला लागली. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, थोडं जिरं — प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायची, वेगळा गार करायची. दळायला माझ्याकडं आणायची. पडवीत ऊन यायचं तर साडी बांधायची आडोशाला, पाऊस आला तर पाकिटं देवघरात हलवायची. आधी गावातल्या दुकानात पाकिटं ठेवली, मग सेलूला, मग जिंतूरला स्टँडाजवळच्या दुकानात. स्वतः एसटीनं पिशव्या घेऊन जायची. तिचं दळण चालू असताना आम्ही दोघी पोत्यावर बसून चहा प्यायचो, आणि ती म्हणायची, वहिनी, आपलं दोघींचं बरं चाललंय की नाही? मी म्हणायचे, चाललंय बाई, रांगत का होईना.

मला ती आवडायची. हे मी आत्ता साळसूदपणे म्हणत नाही — खरंच आवडायची. पण एकदा चहा पिता पिता ती म्हणाली की ह्या नवरात्रात परभणीच्या मोठ्या दुकानानं माल घ्यायचं कबूल केलंय. माल लोकांना पटला तर वर्षभर घेणार. म्हणजे एकादशी, चतुर्थी, श्रावण, सगळंच. आणि मग, तिच्याच आनंदात, तिनं पुढचं सांगितलं, की असं झालं तर पडवीला पत्रे टाकीन अन् आपली एक छोटी चक्की बसवीन. मी हसून ‘बसव की’ म्हटलं. मनात मात्र हिशेब सुरू झाला. उज्ज्वला गेली तर माझ्याकडं राहतं काय? चार म्हाताऱ्यांची ज्वारी?

त्या हिशेबामुळं पुढचं झालं का? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलंय. कधी वाटतं हो, कधी वाटतं त्याचा काही संबंध नाही, मी नुसती घाईत होते. तुम्हीच ठरवा. मला ते ठरवता येत नाही, आणि खरं तर ठरवायचं धाडसही होत नाही.

आमच्या गिरणीची एक रीत आहे. सासऱ्यांपासूनची. उपवासाचं दळायचं तर आधी चक्की सोवळ्यात घ्यायची — त्यांचा शब्द. म्हणजे बोल्ट काढून चक्की उघडायची, दगड उचलायचा, दोन्ही पाळ्या, म्हणजे वरचा अन् खालचा दगड, ब्रशनं झाडायच्या, ओल्या फडक्यानं पुसून सुकू द्यायच्या. पीठ जिथून खाली येतं ती कापडाची नळी बदलून धुतलेली लावायची. मग ओंजळभर भगर दळून गाईला घालायची, आणि त्यानंतर खरं दळण. त्याला वेळ लागतो, दोन माणसं लागतात. पण त्याच्यावरच आमचं नाव आहे. आजूबाजूच्या वाडीवस्तीच्या बाया नवरात्राची भगर घेऊन आमच्याकडंच येतात, कारण आमची चक्की सोवळ्यात असते.

सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. म्हणजे तुम्हाला कळलं असेल — सकाळपासून वड्या-भज्यांची हरभऱ्याची डाळ दळायची, आणि संध्याकाळी चक्की सोवळ्यात घ्यायची, हे दरवर्षीचं. पितरांचं झाल्यावर देवीचं. पण उज्ज्वलाचा नवरात्राचा सगळा माल, गावातला अन् सेलूचासुद्धा, एकाच दळणाचा, आणि त्यातला परभणीचा त्याच संध्याकाळच्या गाडीनं जायचा होता, म्हणून ती सकाळीच डबे घेऊन आली. सगळं भाजून, गार करून, वर पांढरं फडकं बांधून. माझ्या दारात डाळीचे डबे लागलेले. तिनं बघितले, आणि जरा घुटमळली.

“वहिनी, चक्की सोवळ्यात घेऊनच टाका हं. मी थांबू का मदतीला?”

“जा तू. तुझ्या घरी पितर जेवायचेत. मी हाय ना.”

मी हाय ना. हे मीच म्हणाले.

ती गेली अन् लाइट गेली. दुपार कलली तरी पत्ता नाही. बाया डाळ घेऊन बसलेल्या, एकीच्या घरी भटजी येऊन बसले होते, दुसरी म्हणायली होती की चला, त्या रोडवरच्या नव्या गिरणीत जनरेटर हाय. दोघीतिघी उठून गेल्यासुद्धा. मास्तर शाळेतून येऊन कुणाच्यातरी घरी जेवायला गेलेले, फोन उचलेनात. लाइट आली तेव्हा मी आधी डाळ उरकली. भराभर. डाळीचं पीठ किती चिकट असतं माहीत आहे ना, दगडाला, नळीला, सगळीकडं चिकटून बसतं. डाळ संपली तोवर उज्ज्वलाच्या गाडीची वेळ होत आलेली. दाराबाहेर अजून बाया उभ्या. लाइट कधी जाईल भरवसा नाही. आणि चक्की उघडायची म्हणजे बोल्ट, दगड, फडकं — एकटीनं?

मी उघडली नाही. ओंजळभर भगर टाकली, ती बाहेर आली, बाजूला केली. आणि तिचा पहिला डबा ओतला.

पीठ खाली यायला लागलं ते पिवळसर होतं.

इथं मी थांबू शकत होते. हे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण पुढं मी कितीही ‘घाई, घाई’ म्हटलं तरी त्या वेळी माझ्या हाताखाली पीठ होतं आणि माझ्या डोळ्यांना रंग कळत होता. वास कळत होता. चक्की बंद करून तिला निरोप धाडता आला असता — बाई, घोटाळा झाला, एक डबा गेला, गाडी उद्याची धर. ओरडली असती? रडली असती. पण एवढंच झालं असतं. मी काय केलं? पुढचे डबे दळले, ते जरा पांढरे निघाले, आणि मग सगळं पीठ मोठ्या पातेल्यात एकत्र केलं. हात घालून खालवर केलं. कोपरापर्यंत. पिवळेपणा दिसेनासा होईपर्यंत. वरून फडकं बांधलं, तिच्यासारखंच. ती धावत आली, पीठ न्यायला, आणि घाईत माझ्या हाताला हात लावून पाया पडल्यासारखं करून गेली. संध्याकाळी मास्तर आले. आम्ही दोघांनी चक्की उघडली, पुसली, नळी बदलली. गावातल्या बायांची भगर त्यानंतर दळली गेली. ती चोख निघाली.

हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं.

नवरात्र लागलं आणि लोक बोलायला लागले. तव्यावर थालीपीठ टाकलं की डाळीचा वास येतो. दुकानदारानं परभणीहून फोन केला, सेलूहून पाकिटं परत आली. आमच्या गावात विमलकाकू म्हणून आहेत, घट बसवतात, नऊ दिवस कडक उपवास. त्यांनी तिसऱ्या माळेला उज्ज्वलाचं पाकीट फोडलं, दोन घास खाल्ले आणि ताट सारून उठल्या. उपवास मोडला. आणि मोडला कशानं? पुजाऱ्याच्या घरच्या भाजणीनं! राजगिरा महाग झालाय म्हणून डाळ मिसळायली, असं म्हणायला लोकांना किती वेळ लागतो? चक्कीवर कुणाचा संशय आला नाही. कसा येईल? सगळ्यांच्या घरची भगर माझ्याकडूनच गेली होती, आणि कुणालाच वास आला नव्हता.

विमलकाकू गिरणीत आल्या. बाया बसलेल्या होत्या. काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, “तुज्याकडंच दळती ना ती? खरं सांग, डाळ टाकती का गं त्यात?”

मी म्हणाले — “च्.”

बस. एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? आपल्याकडं ‘च्’ म्हणजे नाही. जेवलास का? च्. लाइट आली का? च्. शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे मी ‘नाही’ म्हणाले. कोर्टात उभं केलं तरी मी छातीठोकपणे सांगेन, मी ‘नाही’च म्हणाले. पण तोच ‘च्’ जरा सावकाश काढला, मान एका बाजूला नेली, डोळे खाली घातले आणि हातातलं फडकं उगाच झटकलं — की त्याचा अर्थ काय होतो, हेही शेंबड्या पोराला कळतं. काय सांगू काकू, माझ्या तोंडून कशाला वदवून घेता. तो अर्थ होतो. आणि मी तो तसा काढला. चुकून नाही. बायांनी एकमेकींकडं बघितलं, आणि मला कळलं की मी सुटले.

हो, सुटले. असंच वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं. लाज नंतर आली, पण आधी आलं ते हे — ते मी लपवणार नाही.

गावभर झालं. गिरणीवाल्या वहिनींना सगळं ठाऊक हाय, पण त्या बिचाऱ्या बोलत न्हाईत, असं. मी बोलत नव्हते याचंच कौतुक झालं. दुकानांतून पाकिटं उतरली. देवीचा नैवेद्य पूर्वीपासून उज्ज्वलाच्या घरून जायचा, तो देवळाच्या मंडळींनी ‘थोडे दिवस राहू द्या’ म्हणून थांबवला. तिच्या नवऱ्याला हे लय लागलं. तो वाईट माणूस नाही, पण देवळात मान खाली घालायची वेळ आली म्हटल्यावर त्यानं तिला देवीच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. त्यावरही बाया म्हणाल्याच, शपथा काय, खोट्यापण घेतात लोक.

ती माझ्याकडं आली ती दुपारची, गिरणीत कुणी नसताना. मी ठरवलं होतं, आली की सांगायचं. खरंच ठरवलं होतं. ती पोत्यावर बसली, नेहमीच्या जागी. चहा नको म्हणाली.

“वहिनी, तुमी तर माजं धान्य रोज बघता. लोकांला एकदा सांगा ना.”

मी म्हटलं, सांगते की. आणि वाट बघत राहिले — कशाची, देव जाणे. कदाचित तिनंच विचारावं याची. वहिनी, त्या दिवशी चक्की उघडली होती ना? एवढं विचारलं असतं तर मी कोसळले असते, मला वाटतं. पण तिच्या मनातसुद्धा ते आलं नाही. ती मांडीवर हात ठेवून बसली, आणि मग हळूच म्हणाली,

“माज्याच डब्यात डाळ राहिली असंल का हो? पितरांची घाई होती. मलाच आता काही आठवंना गेलंय.”

आणि मी म्हणाले, “होतं असं बाई, घाईत.”

तिचा स्वतःवरचा जो काही विश्वास उरलासुरला होता, तोही मी काढून घेतला. शपथ घेतलेल्या बाईला मी पटवलं की तीच चुकली. ती रडली नाही. उलट मलाच म्हणाली की वहिनी, माझ्यापायी तुमच्या गिरणीचंही नाव निघालं, माफ करा. मला वाटतं, त्या दिवशी तिनं एखादा शिव्याशाप दिला असता तर मी आज जरा बरी झोपले असते.

तिची कढई थंड पडली. काही दिवस ती दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जात होती, लग्नाच्या पंगतीत वाढायला जात होती. आणि मी? ऐका, हे सगळ्यात वाईट आहे, आणि हे मी शेवटाला ठेवलं कारण आधी सांगितलं असतं तर तुम्ही इथवर आला नसता. पुढच्या साली परभणीच्या त्याच दुकानदाराचा फोन आला. तुमची चक्की सोवळ्यातली म्हणून ऐकलंय, तुम्हीच का नाही भाजणी करत? शाळेचं अनुदान तसंच लटकलेलं. रोडवरच्या गिरणीनं माझी अर्धी गिऱ्हाइकं नेलेली. मी दोन दिवस विचार केल्याचं दाखवलं आणि हो म्हणाले. कशात किती काय घालायचं, ते मला पाठच होतं — इतकी वर्षं माझ्याच हातून दळलं गेलं होतं. भाजायचा हात मात्र माझ्याकडं नव्हता. राजगिरा एकतर कच्चा राहायचा नाहीतर करपायचा.

मग मी उज्ज्वलाला बोलावलं. रोजंदारीवर.

ती आली. आता माझ्या मागच्या अंगणात ती भाजते, मी दळते, लेक पाकिटं भरते. पाकिटावर माझं नाव आहे. धंदा वाढलाय — मास्तरांना आता डबे गोळा करावे लागत नाहीत. गाव म्हणतं, वहिनींचं मन मोठं, जिला कुणी दारात उभं करीना तिला हाताशी धरलं. मास्तरही म्हणतात. अमावस्येच्या संध्याकाळी आम्ही चक्की उघडतो तेव्हा दगड उचलायला एका बाजूनं ती असते. ती पाळ्या अशा पुसते, अशा पुसते, की मला म्हणावं लागतं, पुरे गं, झिजतील.

मी तुम्हाला हे सांगून काही मागत नाही. माफ करा असं तुम्हाला म्हणून काय उपयोग, तुमचं मी काय बिघडवलंय? आणि तिला सांगायचं म्हटलं तर — चक्की, पाकिटं, लेकीचं कॉलेज, सगळं त्याच एका दुपारवर उभं आहे. मी हिशेब करून गप्प आहे. भित्री होते तेव्हा भीतीनं गप्प होते, आता सोयीनं आहे.

परवाचीच गोष्ट. गल्लीत नवी सून आलीय, जिंतूरकडची. भाजणी न्यायला आली तेव्हा तिनं सहज विचारलं की ह्यात डाळ-बिळ नसती ना, आमच्या सासूबाई लय कडक आहेत. मी तोंड उघडायच्या आत उज्ज्वला कढईपासून उठून पुढं आली, पदराला हात पुसत.

“न्हाई हो. डाळीचा घोळ एकदा झाला होता, पण तो माज्या हातून, माज्या घरच्या भाजणीत. मीच सांगते सगळ्यांला. वहिनी त्या वेळी एका शब्दानं मला बोलल्या न्हाईत, उलटं काम दिलं. ह्या चक्कीतून निघालेलं डोळे झाकून खावा.”

ती सून माझ्याकडं बघून हसली, मोठ्या माणसाकडं बघतात तसं. उज्ज्वलाही हसली. मला तिथं तिचं बोलणं खोडायला एक वाक्य पुरलं असतं. मी पाकीट पिशवीत घालून सुनेच्या हातात दिलं, आणि सासूबाईंना नमस्कार सांग म्हणाले.